आईला गाडी लागते

आमच्या घरात आईविषयीची काही विधाने वादातीत मानली जात. त्यांतले पहिले विधान म्हणजे 'आईला गाडी लागते'. साताऱ्याहून निघालेली एस.टी. खंबाटकीच्या घाटाला लागली की आई खिडकीशी सरके, पदर नाकाशी धरी आणि डोळे मिटून घेई. आम्हा दोघी बहिणींकडे कामे वाटून दिलेली असत. एकीकडे आवळासुपारीची डबी आणि लिंबू, दुसरीकडे रिकामी पिशवी. वडील दोन बाकडी पुढे बसून वर्तमानपत्र वाचत. घाट उतरला की आई ओशाळून हसे आणि म्हणे, "झालं बाई एकदाचं." मग आम्हीही हसत असू. मळमळ ही आमच्या लेखी हसण्याची गोष्ट होती. ताप आला की माणूस आजारी पडते, गाडी लागली की त्याची फक्त फजिती होते, असा आमचा बालसुलभ हिशेब होता. तो मोठेपणीही फारसा बदलला नाही.

या हिशेबाला पहिला तडा गेला तो १९९४ साली. आईची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली. ती व्यवस्थित पार पडली असे सर्वांनी सांगितले, आणि ते खरेच होते. पण पुढचे दोन दिवस आई ओकत होती. पोटात काही उरले नव्हते तरी कोरड्या ओकाऱ्या थांबत नव्हत्या, आणि प्रत्येक ओकारीसरशी ओले टाके ताणले जात होते. भेटायला येणारे "भुलीनं होतंच असं" म्हणत आणि चहा पिऊन जात. आईने त्या दोन दिवसांविषयी नंतर कधी तक्रार केली नाही. मात्र २०२३ च्या पावसाळ्यात पित्ताशयातल्या खड्यांसाठी शस्त्रक्रिया करावी लागेल असे ठरले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "कापाकापीचं काही नाही गं. ते ओकणं नको."

आम्ही तिची समजूत घातली. आता दुर्बिणीतून करतात, दुसऱ्या दिवशी घरी सोडतात, औषधे सुधारली आहेत, असे सगळे सांगितले. त्यातले पहिले दोन मुद्दे आम्हाला ठाऊक होते. तिसरा आम्ही धीर देण्यासाठी ठोकून दिला होता.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ बाईंनी आईला तपासणीसाठी बोलावले. पन्नाशीच्या, मितभाषी बाई होत्या. रक्तदाब, मधुमेह, दमा, हलणारे दात असे अपेक्षित प्रश्न झाल्यावर त्यांनी विचारले, "आजी, तुम्हाला गाडी लागते का?" आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि हसू आवरले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर एक खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला, "विडी-सिगारेट ओढता?" निवृत्त प्राथमिक शिक्षिकेला हा प्रश्न विचारला गेल्याने आई जरा दुखावली. मग बाईंनीच समजावले. भुलीनंतर कोणाला उलट्या होतील याचा अंदाज चार साध्या गोष्टींवरून बांधता येतो. रुग्ण स्त्री असणे, धूम्रपान न करणे, गाडी लागण्याची सवय किंवा पूर्वी भुलीनंतर उलट्या झालेल्या असणे, आणि नंतर अफूच्या जातीची वेदनाशामके द्यावी लागणे. आपफेल नावाच्या जर्मन भूलतज्ज्ञाने १९९९ साली ही पद्धत मांडली. चारांपैकी एकही गोष्ट लागू नसेल तर शंभरांतल्या सुमारे १० जणांना त्रास होतो, चारही लागू असतील तर सुमारे ८० जणांना. आईला चारही लागू होत होत्या. "म्हणजे ओढत असते तर बरं झालं असतं," आई म्हणाली, तेव्हा बाई पहिल्यांदा हसल्या.

आम्ही मात्र जरा अंतर्मुख झालो. ज्या गोष्टीची आम्ही चाळीस वर्षे थट्टा केली, ती कोणीतरी मोजण्याजोगी मानली होती. आईच्या त्या दोन दिवसांना "होतंच असं" यापलीकडचे उत्तर असू शकते, हे आम्हाला तेव्हा प्रथम कळले.

पण बाईंचे काम संपले नव्हते. आईचा कार्डिओग्राम त्यांनी उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला, मग पट्टीने काहीतरी मोजले. रक्ततपासणीत पोटॅशियम ३.३ आले होते, म्हणजे असायला हवे त्याहून थोडे कमी. "कोणकोणती औषधं चालू आहेत?" आम्ही तत्परतेने रक्तदाबाच्या गोळीचे नाव सांगितले. "त्यात लघवी वाढवणारं औषधही आहे, त्यानं पोटॅशियम उतरतं. आणखी?" आणखी काही नाही, आम्ही म्हणालो. "आणखी काही? आयुर्वेदिक, दुकानातून आणलेलं, कधीमधी घेतलेलं?" नाही, आम्ही पुन्हा म्हणालो. या वेळी थोडे वैतागून. त्यावर आईने मुकाट्याने बटव्यातून एक पट्टी काढून टेबलावर ठेवली. "ही ॲसिडिटीची. ही काही औषध नव्हे तशी. रोज सकाळी एक घेते. पोरींनीच आणून दिली."

पँटोप्राझोल आणि डोंपेरिडोन एकत्र असलेली ती कॅप्सूल होती. आईला जेवणानंतर जडपणा वाटे आणि मळमळे, म्हणून आमच्यापैकी एकीने कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून ती चिठ्ठीवाचून आणली होती, आणि दुसरी दर महिन्याला न चुकता आणून देत होती. असे आठ महिने चालले होते. त्रास ॲसिडिटीचा नव्हताच, खड्यांचा होता, हे नंतर कळले. कोणी आणली आणि कोणी चालू ठेवली या तपशिलाला तेव्हा अर्थ उरला नाही. ती आम्ही दिली होती.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी शस्त्रक्रिया चार दिवस पुढे ढकलली, कॅप्सूल बंद केली, पोटॅशियमचे औषध लिहून दिले आणि रक्तदाबाच्या गोळीबद्दल आईच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून घेतले. रागावलो आम्ही. रजा काढल्या होत्या, एकीचे परतीचे तिकीट होते, घरी स्वयंपाकाला बाई ठरवल्या होत्या. एका ॲसिडिटीच्या गोळीसाठी एवढे! ही तक्रार आम्ही बाहेरच्या बाकावर बसून दबक्या आवाजात केली. ती निराधार होती हे समजायला आम्हाला पुढची चार रात्रींची उजळणी लागली. त्या रात्री आम्ही वाचत होतो.

जे समजले ते थोडक्यात असे. हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या लहरीने पडतो. कार्डिओग्रामवरच्या या लहरीच्या चढउतारांना आइंटहोवेनने पी, क्यू, आर, एस, टी अशी अक्षरे दिली. त्यातले क्यूपासून टीच्या अखेरीपर्यंतचे अंतर म्हणजे हृदयाचे मोठे कप्पे विजेने भारले जाऊन पुन्हा पूर्वस्थितीला येण्याचा काळ. तो सेकंदाच्या साधारण चार दशांशांइतका असतो. ठोक्यांच्या गतीप्रमाणे त्याची दुरुस्ती करून जो आकडा येतो तो स्त्रियांत ४६० मिलिसेकंदांच्या आत असावा. ५०० च्या पुढे गेला तर धोका चांगलाच वाढतो. आईचा ४७२ होता. पूर्वस्थितीला येण्याचा हा काळ लांबला आणि तेवढ्यात एखादा चुकार ठोका मध्येच पडला, तर लय बिघडून एक विशिष्ट वादळ उठू शकते. फ्रेंच हृदयतज्ज्ञ देसर्तेन यांनी १९६६ मध्ये ऐंशी वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीच्या कार्डिओग्रामवरून त्याचे वर्णन केले आणि त्याला 'तोर्साद द प्वांत' हे नाव दिले. टोकांना पडलेला पीळ, असा त्याचा अर्थ. आलेखावर ती रेषा खरोखर पिळलेल्या दोरीसारखी दिसते. बहुतेकदा हे वादळ आपोआप शमते. कधी शमत नाही.

पूर्वस्थितीला येण्याचे हे काम पेशींच्या भिंतीतल्या काही सूक्ष्म दारांतून पोटॅशियम बाहेर पडल्याने होते. त्यांतल्या एका महत्त्वाच्या दाराच्या नावाची गोष्ट विलक्षण आहे. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात फळमाश्यांवर काम करणाऱ्या कॅप्लान या शास्त्रज्ञाला काही माश्या अशा आढळल्या, की त्यांना इथरची भूल दिली की त्या पाय झटकत नाचल्यासारखे करत. तेव्हा तिकडच्या क्लबांत 'गो-गो' नाच गाजत होता, म्हणून त्या जनुकाचे नाव पडले 'इथर-अ-गो-गो'. १९९४ मध्ये या जनुकाचा एक भाऊबंद माणसात सापडला, आणि पुढच्याच वर्षी कळले की त्यात दोष असलेल्या काही कुटुंबांत क्यूटी अंतर उपजतच लांबलेले असते. हृदयातले ते दार याच जनुकाच्या आज्ञेने घडते. उलटी थांबवणारी बरीच औषधे नेमके हेच दार थोडेसे अडवतात. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये ज्या इथरने शस्त्रक्रियेतली वेदना जाहीरपणे दूर केली, त्याच इथरने पुढे हजारो रुग्णांना ओकायला लावले. आणि त्या ओकण्यावरची औषधे ज्या दाराशी येऊन अडखळतात, त्याच्या नावातही इथरच आहे. योगायोग खराच, पण त्या रात्री तो वाचताना आम्हाला हसू आले नाही.

औषधांचा इतिहासही असाच वळणावळणाचा निघाला. ड्रोपेरिडोल हे औषध १९७० च्या दशकापासून भूलतज्ज्ञ अगदी अल्प मात्रेत उलटीसाठी वापरत होते. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी त्याच्या वेष्टनावर हृदयाच्या लयीसंबंधी सर्वांत कडक इशारा छापायला लावला. अनेक भूलतज्ज्ञांनी आक्षेप घेतला, की आम्ही वापरतो त्या मात्रेत असे घडल्याचा सबळ पुरावा नाही. तरीही औषध मागे पडले आणि ऑनडान्सेट्रॉनचे राज्य सुरू झाले. कर्करोगाच्या औषधांमुळे होणाऱ्या उलट्यांसाठी अमेरिकेत १९९१ मध्ये मान्यता मिळालेले हे औषध निर्धास्त मानले जाई. मग २००५ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी भुलीतून बाहेर आलेल्या आणि मळमळणाऱ्या रुग्णांत दोन्ही औषधे देऊन मोजले. ड्रोपेरिडोलने क्यूटी सरासरी १७ मिलिसेकंदांनी वाढला, ऑनडान्सेट्रॉनने २० ने. बदनाम आणि सोज्ज्वळ यांत फारसे अंतर नव्हते. २०१२ साली ऑनडान्सेट्रॉनची ३२ मिलिग्रॅमची एकरकमी शिरेतली मात्राही याच कारणाने बंद करण्यात आली. डोंपेरिडोनचे तर इंजेक्शन १९८० च्या दशकातच मागे घेतले गेले होते, आणि त्याच्या गोळ्या एरवी आठवड्याहून अधिक घेऊ नयेत असे युरोपच्या नियंत्रकांनी २०१४ मध्ये सांगितले. आम्ही ते आठ महिने दिले होते.

हे लिहिताना एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. शस्त्रक्रियेनंतर ऑनडान्सेट्रॉनची ४ मिलिग्रॅमची एक मात्रा घेणाऱ्या असंख्य लोकांना काहीही होत नाही, आणि फार मोठ्या दुःखातून त्यांची सुटका होते. धोका बहुधा एकट्या औषधात नसतो, तो बेरजेत असतो. वय, स्त्रीदेह, उतरलेले पोटॅशियम, भुलीचा वायू, एखादे प्रतिजैविक, आणि 'औषध नव्हे तशी' एक कॅप्सूल. प्रत्येकजण दाराला थोडा थोडा टेकून उभा राहतो. बेरीज मांडायला मात्र सगळे आकडे सांगितलेले असावे लागतात.

चार दिवसांनी पोटॅशियम ४.१ झाले होते आणि क्यूटीचा आकडा ४४६ वर उतरला होता. शस्त्रक्रियेच्या सकाळी बाईंनी आईला आणि आम्हाला बेत समजावून सांगितला, आणि त्या बेतात प्रत्येक औषधाला स्वतःची वेळ होती. डेक्सामेथासोन भूल चढताच, सुरुवातीला, कारण त्याचा गुण यायला वेळ लागतो आणि मग तो बराच काळ टिकतो. ऑनडान्सेट्रॉन अगदी शेवटी, टाके घालायच्या सुमारास. सुरुवातीला दिले तर शस्त्रक्रिया संपेपर्यंत त्याचा ऐन जोर ओसरू लागतो आणि ज्या घटकेला मळमळ उठते तिला तो अपुरा पडतो. आणि भूल वायूने टिकवण्याऐवजी शिरेतल्या प्रोपोफोलने, कारण वायूने मळमळही वाढते आणि क्यूटीही. "एकच औषध दोनदा देण्यापेक्षा वेगवेगळ्या वाटांनी जाणारी दोन-तीन औषधं एकेकदा दिलेली बरी," असे त्या म्हणाल्या. २००४ साली पाच हजारांवर रुग्णांत झालेल्या एका मोठ्या चाचणीत हेच दिसले होते, की अशा प्रत्येक वेगळ्या औषधाने उलटीचा धोका साधारण पावपटीने कमी होतो. आम्हाला सर्वांत जास्त पटला तो त्यांचा सूर. आईच्या मळमळीची आणि आईच्या हृदयाची काळजी त्या एकाच वजनाने बोलत होत्या. एकीसाठी दुसरीला खाली बसवत नव्हत्या.

शस्त्रक्रिया दुपारी चारच्या सुमारास संपली. आई शुद्धीवर आली, पाणी मागितले, झोपली. संध्याकाळ शांत गेली आणि आम्हाला वाटले, जिंकलो. साडेआठला आईने डोळे उघडले आणि पदर शोधू लागली. रुग्णालयाच्या झग्याला पदर नव्हता. तिने चादरीचे टोक नाकाशी धरले. खंबाटकीच्या घाटातली ती खूण आम्ही दोघींनी एकदमच ओळखली.

आम्ही सिस्टरकडे धावलो. "ते शेवटी दिलेलं इंजेक्शन पुन्हा द्या ना, लगेच." सिस्टर वयाने लहान होती. तिने फाइल उघडून घड्याळ पाहिले आणि म्हणाली, "ताई, सहा तास झाले नाहीत. आणि यांना परत द्यायच्या आधी मॅडमना फोन करायचा असं लिहिलंय." आत आई ओकारी दाबत होती. चार रात्री हेच वाचून काढलेल्या आम्ही, 'क्यूटी' म्हणजे काय ते कोणालाही समजावू शकलो असतो. पण त्या क्षणी आम्ही ते सारे विसरलो आणि एकीने आवाज चढवला, "अहो, एका इंजेक्शननं काय होतंय?" हे वाक्य उच्चारले गेले आणि आमच्या कानांनी ते ऐकले. औषधाच्या दुकानात आठ महिने आम्ही हेच म्हणत होतो, फक्त मनातल्या मनात.

सिस्टर चिडली नाही. एका हाताने बाईंना फोन लावत तिने दुसऱ्या हाताने स्पिरिटचा बोळा आईच्या नाकाशी धरला. "आजी, नाकानं हळूहळू खोल श्वास घ्या. असाच. पुन्हा." आम्हाला ती तात्पुरती समजूत वाटली. स्पिरिटच्या वासाने मळमळ खरोखर कमी होते याच्या चाचण्या झाल्या आहेत, हे आम्हाला नंतर कळले. मग तिने आमच्यापैकी एकीला आईच्या मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटे वर, दोन शिरांच्या मध्ये अंगठ्याने दाबून धरायला सांगितले. दुसरीला बोळा दिला. कामे पुन्हा वाटून दिली गेली, एस.टी.तल्यासारखीच.

अर्ध्या तासात बाई आल्या. सलाइनचा वेग वाढवला, वेदनाशामक बदलले, कार्डिओग्राम काढला, पाहिला आणि आमच्या हातात दिला. आकडा ४५८ होता. "ठीक आहे. पण आणखी ढकलायला नको. साडेदहापर्यंत वाट पाहू, तरीही राहिलं तर दुसऱ्या जातीचं देऊ." म्हणजे आणखी दीड तास. त्या दीड तासात आईला एकदा उलटी झाली, लहानशी. ती ओशाळून हसली. सव्वादहाला तिला झोप लागली. दुसरे औषध द्यावे लागले नाही. आम्ही दोघी मात्र जाग्याच होतो, एक मनगटाशी आणि एक बोळा धरून, त्याची आता गरज नसताना.

सकाळी आई म्हणाली, "एकदाच झाली. मागच्या वेळचं काहीच नाही त्यापुढे." एवढे म्हणून तिने चहा मागितला.

आता आईच्या बटव्यात एक घडी घातलेला कागद असतो. त्यावर तिच्या सगळ्या औषधांची नावे आहेत, आवळासुपारीसुद्धा तिने हट्टाने लिहून घेतली आहे. खाली तिच्या शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात एक ओळ आहे: 'गाडी लागते.' गेल्या दिवाळीत दात काढायला गेली तेव्हा तिने न विचारताच तो कागद पुढे केला. डॉक्टरांनी ती शेवटची ओळ वाचली आणि त्यांना हसू आले. आम्ही दोघी मागे उभ्या होतो. आम्ही हसलो नाही.